लवंगेचा रंग

शांताराम परबाला लवंगेबद्दल कोणी शिकवायला जाऊ नये. कुडाळजवळच्या त्याच्या घरामागं माडांच्या सावलीत लवंगेची दोन झाडं आहेत, आणि शिडीवर चढून कळ्या खुडायचं काम त्यानं लहानपणी दर वर्षी केलेलं. कळी झाडावर हिरवी असते, मग लाली धरते, खुडून उन्हात टाकली की चार-पाच दिवसांत तपकिरी होते. पिवळी लवंग त्यानं जन्मात बघितली नव्हती. आता एखाद्या देशानं आपल्या झेंड्यावर लवंग पिवळी काढली असेल, तर तो त्या देशाचा दोष, असं त्याचं साधं मत होतं. या साध्या मतानं पुढं काय घोळ घातला तो ऐका.

शांतारामला मस्कतला येऊन सत्तावीस वर्षं झाली. वादी अदाईत, न्हाव्याच्या आणि चहावाल्याच्या मधे, खेळाच्या कपड्यांचं एक दुकान आहे. शाळांचे टी-शर्ट, कंपन्यांच्या क्रिकेट टीमा, कुणाच्या लेकाच्या वाढदिवसाच्या टोप्या, जे येईल त्यावर नाव आणि चिन्ह घालून द्यायचं. शांताराम तिथला भरतकामवाला. बारा सुयांची मशीन, आणि ती फक्त आपलंच ऐकते अशी त्याची समजूत. दुसरं कोणी तिला हात लावायला जात नसे, त्यामुळे ती समजूत खोटी ठरायची वेळच आली नव्हती.

पण दोन वर्षांपूर्वी दुकानात जितेश आला आणि त्याच्या मागोमाग छपाईची मशीन आली. जितेश नालासोपाऱ्याचा, तिशीतला, आणि स्वभावानं इतका गरीब की त्याच्यावर धड रागावताही येईना. त्याची मशीन चित्र कागदावर छापायची, कागद कपड्यावर ठेवून गरम दाबायचा, उचलला की जर्सी तयार. एक मिनिट! शांतारामच्या मशीनला एका बिल्ल्याला पंचवीस मिनिटं लागत, आणि दोरा तुटला तर पस्तीस. गिऱ्हाईक काय, ते दोन्हीकडं बघायचं, घड्याळाकडं बघायचं आणि जितेशपाशी जाऊन उभं राहायचं.

दुकानाचा अर्बाब, म्हणजे मालक, हिलाल. सकाळी अल् खुवैरला मंत्रालयात नोकरी, दुपारनंतर दुकान. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. एके दिवशी तो शांतारामसाठी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "बर्का गावचा एकजण भरतकामाची मशीन मागतोय. महिनाअखेर देऊन टाकू म्हणतो. तुझा व्हिसा मार्चमध्ये संपतोच आहे. खूप केलंस तू. खलास, आता घरी जा, आराम कर." (अर्बाब हे सगळं अर्ध्या हिंदीत नि अर्ध्या अरबीत बोलला. दुकानात तीच भाषा चालते. आपण आपल्या भाषेत ऐकू.)

घरी जा! लोकांना वाटतं, गल्फमधला माणूस घराच्या ओढीनं झुरत असतो. झुरतोच तो, पण इथं बसून झुरायला बरं वाटतं. सुट्टीवर गेला की पहिले चार दिवस बांगडे, सुंगटं, सोलकढी. पाचव्या दिवशी शेजारी विचारायला लागतात, "कधी जातलास?" घर त्याच्याशिवाय सत्तावीस वर्षं व्यवस्थित चाललेलं. बायको कलावती बचत गटाची अध्यक्ष, मसाले करून विकते, बँकेत एकटी जाते. मुलगा कौशिक शांतारामच्या खोलीत संगणक मांडून बसलेला. व्हिसाचं कळवलं तेव्हा कलावती फोनवर म्हणाली, "येवा. पण कौशिकचा सामान खंय ठेवूचा ता आदी ठरवूक व्हया." तिनं ते प्रेमानंच म्हटलं होतं. पण शांतारामला त्या दिवशी कळलं की आपल्याला घरी जायची भीती वाटते. मशीनपाशी तो शांताराम उस्ताद होता. घरी तो बॅगेसकट आलेला पाहुणा होता, आणि या वेळी पाहुण्याचं परतीचं तिकीट नव्हतं.

अशात अर्बाबचे वडील दुकानात आले.

त्यांना सगळे बाबा म्हणत. वय एकोणऐंशी, हातात काठी, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा. ते जन्मले झांजिबारला. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं ते लवंगांचं बेट, तिथं ओमानी घराण्याचा सुलतान होता. त्रेसष्टच्या डिसेंबरात इंग्रज गेले, देश स्वतंत्र झाला, नवा लाल झेंडा लागला, आणि तेहेतीस दिवसांत क्रांती होऊन सुलतान पळाला, झेंडा उतरला, देश संपला. सतरा वर्षांच्या बाबांचा फुटबॉल संघ त्या महिन्याभरात नव्या देशाच्या नावानं एकच सामना खेळला होता. त्या दंग्यात अकरातले चौघे मारले गेले. उरलेले जिकडं वाट फुटेल तिकडं गेले, आणि आता तिघंच जिवंत होते. त्या सामन्याचा एक काळापांढरा फोटो बाबांच्या हातात होता. अकरा हडकुळी मुलं, प्रत्येकाच्या छातीवर नखाएवढा एक करडा डाग.

"ही जर्सी मला पाहिजे," बाबा म्हणाले. "अकरा नातवंडांसाठी, तीन आम्हा म्हाताऱ्यांसाठी. लाल जर्सी. छातीवर हिरवा गोल. गोलात दोन लवंगा. आणि छापील नको. छापील म्हणजे वर्तमानपत्र. दोऱ्यानं कर."

शांतारामच्या कानात घंटा वाजल्या. अर्बाब मागं उभा होता. त्यानं खांदे उडवले. "बाबांच्या मनासारखं झालं, तर मशीन ठेवू. इन्शाल्ला."

"लवंगा कुठल्या रंगाच्या?" शांतारामनं विचारलं.

बाबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यानं त्यांच्या आईचं नाव विचारलंय. "लवंगेच्या रंगाच्या!"

झालं. लवंगेचा रंग कोणाला सांगताय? बाबा गेल्यावर जितेश फोन घेऊन आला. "काका, नेटवर झेंडा आहे. लवंगा पिवळ्या आहेत बघा."

शांतारामनं चष्मा वर करून बघितलं. हिरव्या गोलात दोन पिवळे खिळे. "ज्यानं हे काढलंय त्यानं लवंग मसाल्याच्या डब्यात तरी बघितलेय काय रे?"

"पण काका, झेंडा त्यांचा..."

"झेंडा त्यांचा, लवंग आमची," शांताराम म्हणाला. तरी खात्रीसाठी त्यानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कलावतीला फोन लावला. ती मसाला कांडत होती. "पिवळी?" ती म्हणाली. "लवंग पिवळी खंय असता? तिका काय कावीळ झाली?" आणि तिनं मूठभर लवंगा कॅमेऱ्यासमोर धरल्या. पुराव्याचं काम संपलं.

मग शांताराम कामाला लागला. देठाला गडद तपकिरी, बोंडाला फिका. बोंडाभोवतीचे चार दात वेगळे काढले, कारण त्या दातांवरून लवंग ओळखायची असते. मशीनला चित्र समजावून देण्यातच त्याचे दोन दिवस गेले. चौदा बिल्ले झाले तेव्हा ते इतके जिवंत होते की चहावाल्यानं वास घेऊन बघितला. शांतारामला आपण काही भारी केलंय असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर केलंही होतं.

बाबांनी जर्सी हातात घेतली. लवंगांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हीच," ते म्हणाले. "अगदी हीच." अर्बाबनं तिथल्या तिथं बर्क्याच्या माणसाला फोन करून 'थांब' म्हणून सांगितलं. शांतारामनं त्या दिवशी सगळ्या गाळ्यांना चहा पाजला, न्हाव्यालासुद्धा, ज्याच्याशी त्याचं तीन वर्षं पार्किंगवरून वाकडं होतं.

सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी अर्बाबच्या मुलीनं, तस्नीमनं, जर्सी घालून फोटो नेटवर टाकला. ती अल खौदला विद्यापीठात शिकते. झांजिबार तिनं पाहिलेलं नाही, पण तिच्या पिढीला गेलेला देश फार आवडतो, कारण त्यात राहावं लागत नाही. मैत्रिणी म्हणाल्या, आम्हालाही हवी. मग मैत्रिणींच्या आया आल्या, मावश्या आल्या, आणि लंडनहून कुणी एक आत्या आली. तिनं झेंड्याचं चित्र टाकून विचारलं, "लवंगा पिवळ्या असतात. या कुठल्या देशाच्या?" संध्याकाळपर्यंत मस्कतमधलं अर्धं झांजिबार त्या फोटोखाली भांडत होतं.

अर्बाब दुकानात आला तो तोंड पाडून. "माझ्या बापाला लोक विचारतायत, तुम्हाला आपला झेंडा आठवत नाही का? बापाला! अरे, संगणकाला विचारलं असतं तर त्यानं पिवळ्या दाखवल्या असत्या."

जितेशनं मान खाली घातली. मी दाखवल्या होत्या, असं तो एका शब्दानं बोलला नाही. हे शांतारामला दुप्पट लागलं.

बाबा मात्र मागं हटेनात. "मी त्या देशात होतो," ते म्हणाले. "लंडनची आत्या होती का? ती तेव्हा पाळण्यातसुद्धा नव्हती. मी सांगतो, तपकिरी." आता देश एकूण तेहेतीस दिवसांचा, त्यातले आठ दिवस बाबा हिवतापानं अंथरुणात होते, हे पुढं त्यांच्या मित्रानंच सांगितलं. पण म्हातारा माणूस एकदा बोलला की बोलला. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्यांच्या संघाचा गोलकीपर जुमा दुबईला असतो. पळून येताना त्यानं आपला बिल्ला जर्सीवरून उसवून आणला होता आणि आजवर जपला होता. येत्या शुक्रवारी तो येणार होता. "जुमा येऊ दे," बाबा म्हणाले. "दूध का दूध, पानी का पानी." हे हिंदी त्यांना झांजिबारच्या गुजराती शेजाऱ्यांनी शिकवलेलं.

अर्बाबनं शांतारामला बाजूला घेतलं. "ऐक. जुमाचा बिल्ला तपकिरी निघाला, तर मशीन राहील, तूही राहशील. माझा शब्द. पिवळा निघाला, तर मला लोकांचं तोंड बंद करायला नव्या जर्स्या छापाव्या लागतील. मग खलास."

गुरुवारी सकाळी दुकानात कोणी नाही असं बघून शांताराम मशीनसमोर हात जोडून उभा राहिला आणि त्यानं गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, सत्तावीस वर्सां तुजा लेकरू हय परदेशात सुयेवर पोट भरता. जुमाचो बिल्लो तपकिरी निघू दे, आणि ह्या मशीनवरची विघ्ना बर्क्याच्या पलीकडं जाऊ देत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज आला.

जितेश. त्याची आई मालवणची, गाऱ्हाण्याला साद द्यायची सवय हाडात भिनलेली. दोघंही ओशाळले. जितेश म्हणाला, "काका, तपकिरीच निघेल. तुम्ही जायला मला पण नकोय." आणि तो खरं बोलत होता. दुपारचं जेवण शांतारामच रांधायचा.

शुक्रवारी चार वाजता अल खौदच्या मैदानावर सगळं गणगोत जमलं. नातवंडं लाल जर्स्या घालून धावत होती, कोण जिंकतंय तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. कडेला खुर्च्या, थर्मास, खजूर, आणि मधल्या खुर्चीवर जुमा. ऐंशी वर्षांचा, बारीक, मिस्कील. तिसऱ्याला गुडघ्यानं दगा दिल्यामुळं तो घरूनच फोनवर दिसत होता. अर्बाबनं शांतारामला मुद्दाम बोलावलेलं. तो खुर्च्यांच्या मागं उभा राहिला.

जुमानं खिशातून चष्म्याची जुनी डबी काढली. डबीत रुमाल, रुमालात बिल्ला. सगळी डोकी एकत्र झाली. हिरवा गोल विटलेला, कडा झिजलेल्या, आणि गोलात दोन लवंगा.

तपकिरी. काळपट तपकिरी.

"अल्लाह!" बाबा ओरडले. मग दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि लहान पोरांसारखे रडायला लागले. तस्नीम फोटो काढत होती आणि रडत होती. अर्बाबनं मागं वळून शांतारामच्या पाठीवर थाप मारली. "राहिलास तू! राहिलास!" रवळनाथाला कोंबडा कबूल केला नव्हता, तो शांतारामनं तिथल्या तिथं मनात कबूल केला.

"कारागिराला दाखव," जुमा म्हणाला आणि त्यानं बिल्ला शांतारामच्या हातात ठेवला.

हातात घेतल्या घेतल्या बोटांना कळलं. हा दोरा नव्हता. ही जर होती, जरतार. सोन्याचं पाणी दिलेली बारीक तार, रेशमावर गुंडाळलेली, आपल्याकडच्या शालूला असते तशी. कुण्या गुजराती व्यापाऱ्यानं पोरांसाठी सुरतेहून हौसेनं मागवली असणार. समुद्राची हवा, साठ वर्षांचा काळ, हातांचा घाम, यांनी ती काळवंडली होती. शांतारामनं बिल्ला उलटा केला. मागच्या अस्तराचा एक कोपरा सुटला होता. त्यानं तो नखानं जरासा उचलला. आत, जिथं हवा पोचली नव्हती तिथं, जर पिवळीधमक होती. कालच भरल्यासारखी.

म्हणजे लंडनची आत्या खरी होती. नेट खरं होतं. जितेश खरा होता. आणि हे या मैदानावर फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

बोलायचं म्हटलं तर किती बोलायचं? 'बाबा, ही जर आहे, काळी पडलेय.' एवढंच. पण समोर बाबा रुमालानं नाक पुसत होते, जुमा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून हसत होता. कशाला मोडायचा त्यांचा आनंद? ऐंशी वर्षांच्या माणसाला सगळ्या गोतासमोर खोटं पाडायचं? शांतारामला त्यांची फार म्हणजे फारच दया आली. माणूस आपल्या पोटासाठी खोटं बोलायला निघाला की दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी त्याला भारी दिसायला लागतं. शांताराम काही दुधखुळा नव्हता, हे त्यालाही समजत होतं. बाबांची दया पावशेर आणि कुडाळची भीती शेरभर, अशी ती दया होती.

त्यानं अस्तराचा कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला.

"काय म्हणतोस, उस्ताद?" बाबांनी विचारलं. "कुठला रंग?"

"लवंगेचा," शांताराम म्हणाला. "तपकिरी, बाबा. पहिल्यापासून तपकिरीच."

त्याला खजूर मिळाले, कपभर काहवा मिळाला, जुमाच्या शेजारची खुर्ची मिळाली. जुमा त्याला तो सामना सांगत बसला. चार-शून्य हरले होते, म्हणे. घरी परतताना बसमध्ये शांतारामला हलकं वाटत होतं, आणि मधूनच नखाखाली काहीतरी पिवळं राहिलंय असा भास होऊन तो बोटं पुशीत होता.

रविवारी दुपारी अर्बाब दुकानात आला तो नाचतच. जुमाच्या बिल्ल्याचा फोटो सगळीकडं फिरला होता. लंडनच्या आत्यानं माफी मागितली होती. आणि आता सगळ्यांना जर्सी हवी होती. मस्कत, दुबई, लंडन, सगळ्यांना. "सहाशे!" अर्बाब म्हणाला. "आणि सगळ्या तपकिरी लवंगांच्या. अस्सल!"

शांतारामनं मनातल्या मनात मांडणी केली. दिवसाला वीस बिल्ले धरले तरी महिनाभर मशीन थांबणार नाही. वर आणखी येतील. मार्च काय, पुढचा मार्चही निघेल. त्यानं दोऱ्यांचा खण उघडला.

"जितेश, नमुना दाखव रे त्याला," अर्बाब म्हणाला.

जितेशनं नजर चुकवत एक जर्सी पुढं केली. लाल जर्सी, हिरवा गोल, दोन तपकिरी लवंगा. शांतारामच्याच भरतकामाचा फोटो छापलेला. देठ, बोंड, चार दात, सगळं जागच्या जागी. टाक्यांची सावलीसुद्धा छापून आली होती. फक्त हात फिरवला की सपाट लागत होतं.

"काल बाबांना दाखवला," अर्बाब म्हणाला. "मला धाकधूक होती, छापील म्हणून फेकतील. त्यांनी लांब धरून बघितलं, म्हणाले, 'रंग बरोबर आहे, चालेल.' त्यांना रंगाचीच काळजी होती रे. ती मिटली."

"पण अर्बाब, तुम्ही शब्द दिला होता," शांताराम म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

अर्बाबचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, हे मघाशी सांगितलंच. तो स्टूल ओढून शांतारामसमोर बसला. "दिला होता. मला लाज वाटते, विचार या जितेशला. मी त्याला परवा रात्रीच म्हणालो, या बिल्ल्यात असं काही शोध जे तुझ्या मशीनला जमणार नाही. कुठं चमक, कुठं सोनेरी काही. सोनेरी असतं ना, शांताराम, एक तार जरी जरीची असती, तर हे म्हातारे छापील घेऊन माझ्या तोंडावर मारते. सहाशेच्या सहाशे तुझ्याकडून भरून घेतल्या असत्या मी. छपाईत सोनं येतच नाही. पण हे काय, साधे दोन तपकिरी आणि एक हिरवा. आणि साक्षीला जुमाचा बिल्ला आहे. तू स्वतः हातात घेऊन बघितलास. काय म्हणालास, पहिल्यापासून तपकिरीच."

शांतारामनं तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं. जर, सुरत, अस्तराचा कोपरा. आणि ते सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं, तेही डोळ्यांसमोर आलं. शुक्रवारी मला ठाऊक होतं. मी लपवलं. तुझ्या बापाला खोट्यावर रडू दिलं, आणि लंडनच्या आत्याला माफी मागायला लावली. का, तर माझी मशीन राहावी म्हणून. नंतर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? मशीन वाचवायला उस्ताद आता सोनं शोधून काढतोय, असंच म्हणतील. त्यानं तोंड मिटलं.

"होय, अर्बाब," तो म्हणाला. "तपकिरीच."

"विमानाचं तिकीट माझ्याकडून," अर्बाब म्हणाला, त्याचा खांदा दाबून उठला आणि बर्क्याच्या माणसाला फोन करायला बाहेर गेला.

शांताराम स्टुलावर बसून राहिला. त्याला रडू येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. सत्तावीस वर्षांत एकदा त्याच्या हातात खरं सोनं आलं, आणि ते त्यानं आपल्या अंगठ्यानं दाबून ठेवलं. समोर मशीनच्या बारा सुया एका ओळीत उभ्या होत्या. त्यानं उगाच त्यांच्यावरची धूळ पुसली.

बऱ्याच वेळानं जितेश आला. हातात वही होती. "काका, रागावू नका. फोटोत तपकिरी जरा लालसर येतोय. तुम्ही दोरे कुठल्या नंबरचे घेतले होते?"

शांतारामला खण उघडायचीही गरज नव्हती. "देठाला आठशे बावन्न," तो म्हणाला. "बोंडाला आठशे एकोणपन्नास."

जितेश लिहून घेऊन वळला, तेव्हा शांतारामनं त्याला परत हाक मारली. "आणि बोंडं फिकीच ठेव रे. सगळं एकच गडद केलंस तर कोणी लवंग म्हणणार नाही तिला."